सात नंबरचा शर्ट

खाजणवाडी
२५ ऑक्टोबर २०२५

प्रिय आत्ये,

मागच्या पत्रात मी तुला एक गोष्ट चुकीची लिहिली. ती आधी दुरुस्त करते, मग बाकीचं. मी लिहिलं होतं, 'सर्वेशने जानकीकाकीवर कोयता चालवला, मी डोळ्यांनी पाहिलं.' मी सर्वेशला पाहिलं नाही. मी त्याचा शर्ट पाहिला.

ते पत्र फाडू नकोस. चुकलेला शब्द खरवडायचा नाही, एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, हे तूच शिकवलंस. खाडीवर पूल होईपर्यंत मला शाळा नव्हती, तू होतीस. म्हणून ही चूकही तुलाच दाखवते. फोन केला असता, पण तुला फोनवर नीट ऐकू येत नाही, आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही.

नीट लिहिते. १२ ऑक्टोबर, रविवार, संध्याकाळचे साडेसहा. मी आईची औषधं घेऊन बाजारातून येत होते. बर्फाच्या कारखान्याच्या वळणावर जानकीकाकी माझ्यापुढे तीसचाळीस पावलांवर होती, डोक्यावर मासळीची रिकामी टोपली. मागून मोटारसायकल आली. चालवणाऱ्याने हेल्मेट घातलेलं, मागच्याने तोंडाला फडकं बांधलेलं. मागचा उतरला आणि त्याने तिच्या मंगळसूत्राला हात घातला. काकीने ते उजव्या मुठीत घट्ट धरलं. त्याने त्या मुठीवरच कोयता मारला. मग दोघे हायवेच्या बाजूला गेले. मला दिसली ती निळ्या शर्टाची पाठ आणि तिच्यावरचा पांढरा सात. पाठ ओळखीची वाटली. सात नंबर सर्वेशचा, गेल्या वर्षीच्या अंडरआर्म क्रिकेट स्पर्धेत तो तोच घालून खेळला. पोलिसांनी विचारलं, 'कोण होता?' मी म्हटलं, 'सर्वेश.' त्यांनी लिहिलं, मला वाचून दाखवलं, मी सही केली. त्यांनी काही घुसडलं नाही. चूक माझी आहे.

आता बघ, मी काय विसरले. रापणीचं जाळं ओढून माणसं भिजून येतात आणि किनाऱ्यावरच्या खोपीतल्या दोरीवर जो कोरडा कपडा हाताला लागेल तो अंगात घालून घरी जातात. बाबा आठ आठ दिवस दुसऱ्याची लुंगी नेसून फिरायचे आणि आई त्यांना नावं ठेवायची. सर्वेशचा शर्ट हंगामभर त्या दोरीवरच असतो. हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पोलिसांना ठाऊक नाही, आणि मी त्यांना सांगितलं नाही, कारण त्या संध्याकाळी माझ्या डोक्यात फक्त सात होता.

माझी चूक मला कशी कळली तेही लिहिते. मंगळवारी सर्वेशचे वडील बाबलीकाका मी कामाला असते त्या झेरॉक्सच्या दुकानात आले. तुला माहीत आहे, वाडीतले सगळे कागद वाचायला माझ्याकडेच येतात. त्यांच्या हातात वकिलाने दिलेला रिमांडचा कागद होता. मी वाचायला लागले आणि मध्ये माझंच नाव आलं. मी थांबले. मला वाटलं, आता ते दुकानात चार माणसांसमोर मला बोलतील. ते म्हणाले, "वाच गो बाय. जा लिवलेला आसा ता वाच. नाव तुझा आसा ह्या माका ठावक आसा. माका अर्थ व्हयो."

मी वाचलं. 'साक्षीदार कु. संचिता हिने आरोपीस समक्ष पाहून ओळखले आहे.' समक्ष म्हणजे काय, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तोंडासमोर. ते म्हणाले, "म्हणजे तू तेचा तोंड बघलंस." कागद चार घड्या करून त्यांनी खिशात ठेवला आणि गेले. तेव्हापासून मला जेवण जात नाही.

बाहेर मात्र सगळे खूश आहेत. दोन महिन्यांत चार बायकांना लुटलं होतं, चौघी आपल्याच वाडीच्या. सर्वेशला धरल्यापासून एकही प्रकार झालेला नाही. माझे मालक म्हणाले, तुमच्या वाडीत तुझ्यासारखी चार माणसं असती तर तुमचं नाव असं झालं नसतं. मी त्यांना चहा आणून दिला. वाडीचं नाव सांगितलं की बाजारात भाड्याने खोली मिळत नाही, हे त्यांना माहीत आहे. लुटल्या गेलेल्या चौघीही वाडीच्याच, हे मात्र त्यांच्या लक्षात राहत नाही. दिवाळीच्या आदल्या दिवशी पोलीस आले आणि सहा पोरांना घेऊन गेले. संध्याकाळी सोडलं. दोघांना नीट चालता येत नव्हतं. वाडीत कोणी मला काही म्हणत नाही, पण नळावर मी गेले की बोलणं थांबतं. घरात मी आणि आई. निलेश शनिवारीच, म्हणजे प्रकार व्हायच्या आदल्या दिवशी, गोव्याला ट्रॉलरवर गेला. घरात भाऊ असता तर बरं झालं असतं.

१८ नोव्हेंबरला मला कोर्टात न्यायाधीशांसमोर जबाब द्यायचा आहे, शपथेवर. तिथे मी काय सांगू? 'फक्त शर्ट पाहिला' म्हटलं तर पोलीस म्हणतील, वाडीने साक्षीदार फोडली. जानकीकाकी काय म्हणेल? तिच्या उजव्या हाताची दोन बोटं आता मिटत नाहीत.

पत्र आपल्या जितेंद्रकडे देते. तो सध्या देवगड गाडीवर कंडक्टर आहे, तळेऱ्याला उतरून तुझ्या चहाच्या टपरीवर देईल. उत्तर त्याच्याकडेच दे.

तुझी
संचिता


तळेरे
३० ऑक्टोबर २०२५

चि. संचिता,

तुझं पत्र दोनदा वाचलं. अक्षर बिघडलंय, घाईत लिहितेस.

तुला लहानपणापासून ही सवय आहे. पाटीवर एक आकडा चुकला तर सगळी पाटी पुसायचीस. मी तुला रेघ मारायला शिकवलं ते त्यासाठी. पण बाय, ती पाटी होती. पोलिसांत सही केलेला कागद म्हणजे पाटी नाही. तू आता बदललंस तर तुलाच खोटं ठरवतील. सर्वेशला वकील आहे, तो बघेल. तसाही तो धड पोरगा नाही, दहावीत मास्तरांवर धावून गेला होता. चोऱ्या थांबल्या, हे तूच लिहितेस. देवाने थांबवल्या असतील तर आपण कशाला हात घालायचा?

एक दिवस ताप आला म्हणून कोर्टात गेली नाहीस तरी चालेल. डॉक्टरचा कागद मिळतो.

आईला जप. तिला यातलं काही सांगू नकोस. तुझे बाबा, माझा भाऊ, गेला तेव्हा ती किती दिवस उभी राहू शकत नव्हती, ते मी पाहिलंय.

इकडे हायवेवर गाड्या वाढल्यात, टपरी बरी चालते, गुडघे चालत नाहीत. तुमच्या घरचा डबा माझ्याकडे राहिला होता, तो जितेंद्रकडे देते. रिकामा कसा पाठवायचा म्हणून खटखटे लाडू भरलेत. गुळाचे आहेत, तुला आवडतात ते.

तुझी आत्या
सुगंधा


खाजणवाडी
३ नोव्हेंबर २०२५

प्रिय आत्ये,

लाडू पोचले. आईने दोन खाल्ले. मी डबा घासून पालथा घातला आणि तळाशी बाबांचं नाव कोरलेलं पाहिलं.

आत्ये, हा डबा मी ११ तारखेला शनिवारी सकाळी स्वतःच्या हाताने भरून निलेशला दिला होता. भाकऱ्या आणि सुक्या बांगड्याची चटणी. तो गोव्याला म्हणून निघाला. गोवा दक्षिणेला, इन्सुलीचा नाका ओलांडून. तळेरे उत्तरेला. डबा तुझ्याकडे कसा आला?

मी आईला विचारलं नाही. निलेशला फोन केला, त्याने उचलला नाही. समुद्रात असेल.

इथलं सांगते. आपल्या बायकांनी एक काम सुरू केलंय. रोज संध्याकाळी सहा ते आठ, बाजार सुटायच्या वेळेला, दहाबारा जणी बर्फाच्या कारखान्याच्या वळणावर खुर्च्या टाकून बसतात. ज्या उशिरा येतात त्यांना घरापर्यंत सोडतात. सुरुवात जानकीकाकीने केली. डॉक्टरांनी हात वर धरायला सांगितलाय, म्हणून ती बँडेजचा हात खुर्चीच्या पाठीवर टाकून बसते, एखाद्या सरपंचासारखी. थर्मासमध्ये चहा असतो. काल म्हणाली, आता चोर इलो तर तेकाय चाय देवक लागतली. सगळ्या हसल्या. आईही हसली. आई रोज तिच्या शेजारच्याच खुर्चीवर बसते.

मीही गेले. मला वाटलं होतं, माझ्यासाठी खुर्ची नसेल. होती. कोणी सरकवली ते कळलं नाही. उठताना मी काकीला हळूच सांगितलं की मी तोंड पाहिलं नव्हतं, फक्त शर्ट पाहिला. ती ओरडेल असं वाटलं होतं. तिने थर्मासचं झाकण एका हाताने घट्ट केलं. मग म्हणाली, "माझो हात गेलो तो गेलो. पण जेना केल्यान तोच सापडाक व्हयो. दुसरो नको माका."

आत्ये, तू मला ताप आल्याचं खोटं सांगायला लिहितेस. तू? मी चौथीत असताना खोटी रजाचिठ्ठी लिहिली, तेव्हा तू मला अंगणात बसवून शंभर वेळा खरी चिठ्ठी लिहायला लावलीस. म्हणून विचारते. डबा कोणी आणला, कधी आणला, आणि त्याच्या अंगात काय होतं?

संचिता


तळेरे
७ नोव्हेंबर २०२५

चि. संचिता,

तसे दोन डबे होते. भाऊने कुडाळच्या बाजारातून एकदम घेतले आणि दोन्हींवर नाव घातलं. त्यातला एक माझ्याकडे होता, तोच पाठवला. निलेशकडचा निलेशकडेच असेल. नको त्या शंका काढत बसू नकोस. तब्येतीला जप.

आत्या


तळेरे
११ नोव्हेंबर २०२५

चि. संचिता,

मागच्या पत्रातल्या पहिल्या चार वाक्यांवर रेघ मार. एकच रेघ, खालचं वाचता येईल अशी. डबा एकच होता.

चार दिवस मी टपरीवर चहा करते आणि साखर घालायला विसरते. गिऱ्हाईकं हसतात. आता सगळं लिहिते, मध्ये थांबवू नकोस. पत्रात कोणी थांबवत नाही, पण तू वाचताना थांबशील, म्हणून म्हटलं.

निलेश १३ तारखेला सोमवारी सकाळी सातच्या सुमारास आला. कोणाच्या तरी मोटारसायकलवरून आला, तो माणूस रस्त्यावरूनच परत गेला. निलेश म्हणाला, दोन दिवस मित्राकडे होतो, आता गोव्याला जातो, घरी कळवू नको, आई रागावेल. डाव्या हाताच्या अंगठ्याला चिंधी बांधली होती. म्हणाला, "आत्ये, वायच हळद दी. मासळी कापताना लागला." मी हळद लावली. शर्टावर पुढे आणि बाहीवर डाग होते. मी विचारलंसुद्धा नाही. आपल्या घरात शर्टावरच्या रक्ताबद्दल कोणी कधी कोणाला विचारलंय? जन्मभर मी भाऊचे, तुझ्या आज्याचे असे शर्ट धुतले. थंड पाणी, मीठ, मग साबण. हात आपोआप चालतात. मी त्याला आमच्या ह्यांचा एक जुना सदरा दिला, पोहे दिले आणि सावंतवाडीच्या गाडीत बसवलं. तो शर्ट धुऊन वाळत घातला. निळा आहे. पाठीवर सात.

तेव्हा सात म्हणजे काय, मला माहीत नव्हतं. तुझं २५ तारखेचं पत्र आलं तेव्हा शर्ट दोरीवरच होता. मी वाचता वाचता वर बघितलं. मग उठून तो आत आणला आणि ट्रंकेत ठेवला. आणि तुला ते पत्र लिहिलं, गप्प बस म्हणून. डबा मात्र परत पाठवला. दुसऱ्याचा डबा घरात ठेवू नये, एवढंच डोक्यात होतं. बाकी सगळं लपवलं आणि डबा लाडू भरून पाठवला. माझंच मला हसू येत नाही.

डाग पूर्ण गेलेला नाही. बाहीच्या शिवणीत तपकिरी रेघ राहिलीय.

शर्ट चुलीत घालायला मी दोनदा काढला. दोन्ही वेळा परत ठेवला. निलेशला मी मांडीवर खेळवलंय. सर्वेशलाही खेळवलंय, त्याची आई रापणीवर जायची तेव्हा. तो मास्तरांवर धावून गेला असं मी लिहिलं, तेही अर्धंच लिहिलं. मास्तर त्याला 'खाजणवाडीचे चोर' म्हणाले होते. ते मी गाळलं.

काय करायचं ते मला सुचत नाही. मी तुला शिकवलं, आता तू सांग.

आत्या


खाजणवाडी
१४ नोव्हेंबर २०२५

प्रिय आत्ये,

तू सांगितलंस तसं पत्र न थांबता वाचलं. मग खोपीत जाऊन बसले. दोरीवर सहा कपडे होते. त्यातले कोणाचे कोणते, मला सगळे ओळखता येतात.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, पाठ ओळखीची वाटली. ते वाक्य मी गेले तीन दिवस तपासतेय. सर्वेशची पाठ मला इतकी ओळखीची असायचं कारण काय? त्याच्याशी मी वर्षातून चार शब्द बोलते. ज्या पाठीमागून मी पूल होईपर्यंत खाडीच्या काठाने चालले, ती वेगळी, ती निलेशची. मला वाटतं, मी त्या संध्याकाळी ओळखलं होतं, आणि ओळखलेलं सहन झालं नाही म्हणून नंबर वाचला. हे खरं आहे की मी आता स्वतःवर घेतेय, ते मला ठरवता येत नाही. म्हणून हे मी कोर्टात सांगणार नाही. जे ठरवता येतं तेवढंच सांगणार.

सोपी वाट मला दिसली होती, तुला खोटं कशाला सांगू? फक्त 'शर्ट पाहिला, तोंड पाहिलं नाही' एवढं सांगायचं. ते खरंच आहे. सर्वेश सुटेल, निलेशचं नाव येणार नाही, वाडीत माझ्याशी पुन्हा सगळे बोलतील. दोन दिवस मी ह्याच विचारावर जेवले. पण काल वळणावर काकी डाव्या हाताने चहा ओतत होती, आणि आईने कप धरला होता. काकीचा नेम चुकला, चहा आईच्या साडीवर सांडला. दोघी पदर झटकत एकमेकींना दोष देत होत्या. मला तिथे बसवेना. सर्वेश सुटला आणि पुढे काहीच झालं नाही, तर पोलीस पुन्हा वाडीत येतील आणि पुन्हा सहा पोरं नेतील. आणि काकी त्या खुर्चीवर वर्षानुवर्षं आईशेजारी बसेल, न कळता.

आईला मी रात्रीपर्यंत थांबून सांगायचं म्हणत होते, जमलं नाही. आज दुपारीच सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. निवडून झाले तरी सूप खाली ठेवलं नाही. तिने विचारलं, अंगठ्याला खूप लागलं होतं का? मी म्हटलं, आत्येने हळद लावली. मग भात लावला. संध्याकाळी ती नेहमीच्या वेळेला वळणावर गेली, पण खुर्ची काकीपासून दोन खुर्च्या लांब ठेवली. काकीने विचारलं, वास येता काय गो माझो? आई म्हणाली, पाठीक वारो लागता. घरी आल्यावर मला एवढंच म्हणाली, "थंय उपाशी जाव नको. जेवान जा."

निलेशला मी फोनवर लिहून कळवलंय. फोन तो उचलत नाही, पण वाचल्याची खूण दिसते. लिहिलं की शर्ट आत्येकडे आहे, मला सगळं माहीत आहे, मी मंगळवारी सांगणार आहे. 'त्याच्या आत तू स्वतः आलास तर मी तुझ्यासोबत ठाण्यात येईन, शेवटपर्यंत बसेन. मोटारसायकल कोणाची ते तूच सांगायचं आहेस.' उत्तर नाही. अजून चार दिवस आहेत.

बाबलीकाकांकडे मी आज सकाळी गेले. निलेशचं नाव सांगितलं नाही, ते आधी कोर्टात सांगायला हवं. एवढंच सांगितलं की मी तोंड पाहिलं नव्हतं आणि मंगळवारी तसं सांगणार आहे. ते जाळं शिवत होते. शिवता शिवता म्हणाले, "तुका वायट बोलतीत." मी म्हटलं, माहीत आहे. ते म्हणाले, "माकाय बोललेत." एवढंच.

आता तुझं काम. शर्ट पुन्हा धुऊ नकोस. इस्त्री करू नकोस. शिवणीतली रेघ तशीच राहू दे. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळ आणि घेऊन ये. जितेंद्रची गाडी तळेऱ्याला सकाळी सातला येते, तुझ्यासाठी पुढची सीट धरायला मी त्याला सांगितलंय. तुझ्या गुडघ्यांमुळे कोर्टाच्या पायऱ्यांवर मी हात देईन. तू आली नाहीस तरी शर्ट कुठे आहे ते मी सांगणार आहे. तुझं नाव घ्यावं लागेल. धुतलास, हेही सांगावं लागेल. ते तू मासळीचं रक्त समजून धुतलास, हेही मीच सांगेन, न्यायाधीशांना कळेल अशा शब्दांत, जसं शर्टाचं सांगायला हवं होतं तसं.

हे पत्र मी एकदाही खाडाखोड न करता लिहिलं. तपासून बघ.

मंगळवार, १८ नोव्हेंबर, सकाळी साडेदहा. मी जेवून निघणार आहे.

तुझी
संचिता